देव न मानता सत्यनारायणाच्या घरी

“देव नाही असं ठाम सांगता आणि श्रद्धेचा आदर करते असंही म्हणता. मग घरात सत्यनारायण असला की तुम्ही नेमकं करता काय?” हा प्रश्न सासर-माहेरच्या बायकांकडून हमखास येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

आधी वाक्य ठरवावं. “मी देव मानत नाही.” एवढंच. “देवबिव सगळं थोतांड” म्हटलं की त्यात समोरच्या बाईच्या आईचं देवघरही येतं आणि पुढचं बोलणंच खुंटतं. दुसरी चूक याहून जास्त वेळा होते. “तसं नाही हो, कुठली तरी शक्ती असेलच,” असं गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली जाते. मग पुढच्या खेपेला कोणीतरी प्रेमाने तुमच्या नावाने अभिषेकाची पावती फाडतं. तेव्हा नको म्हणालात की त्या माणसाला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्याचं काही चुकत नाही.

सांगायची वेळ म्हणजे पूजेचा दिवस ठरतो ती. चौरंगाला केळीचे खुंट बांधून झाले, भटजी आले, आणि मग “आम्ही बसणार नाही” म्हणणं हा सरळ अपमान आहे. ऐनवेळी उपाशी असलेलं दुसरं जोडपं कुठून आणायचं? आठ-दहा दिवस आधी सांगितलं तर दीर-जाऊ बसतात आणि कोणाचं काही अडत नाही.

पण पूजेला बसायचं नाही, हे माझं पक्कं मत आहे. “बसलं तर काय बिघडतं, घरच्यांसाठी,” असं बरेच नास्तिकही म्हणतात. मला ते पटत नाही. यजमान नाव-गोत्र उच्चारून, उजव्या हातावरून पाणी सोडून संकल्प करतो. तिथला ‘करिष्ये’ म्हणजे ‘मी करीन’. ज्याचा त्या शब्दांवर विश्वास नाही त्याने ते उच्चारले, तर ज्यांचा आहे त्यांच्या शब्दांची किंमत कमी होते. न बसण्यातच आदर आहे.

बाकी कामाला मात्र पदर खोचावा. शिरा माझ्याकडे असला की मी सगळं वाटीने मोजून घेते: रवा, साखर, तूप प्रत्येकी सव्वा वाटी, दूध याच्या दुप्पट आणि दोन पिकलेली केळी. रवा मंद आचेवर वीसेक मिनिटं, तूप कडेने सुटेपर्यंत भाजायचा, मग उकळतं दूध. गार दुधाने गुठळ्या होतात. साखर सगळ्यात शेवटी, कारण आधी घातली तर रवा फुलत नाही. आणि चव बघायची नाही. नैवेद्य दाखवायच्या आधी उष्टं होता कामा नये, हे त्या घरच्यांसाठी फार महत्त्वाचं असतं. कोणी बघत नसलं तरी चमचा तोंडात घालायचा नाही. म्हणून तर मोजमाप चोख हवं.

आरतीला उभं राहावं, फोन आत ठेवावा, तबक समोर आलं की पुढे द्यावं. हात न जोडता शांत उभं राहिलं तरी पुरतं. प्रसाद मात्र नाकारू नये. पोथीत कलावती प्रसाद न घेताच नवऱ्याला भेटायला धावते आणि त्याची नाव बुडते. ही कथा नुकतीच ऐकलेल्या माणसांना तुमचा “नको” केवळ गोड न खाण्यापुरता वाटत नाही, अपशकुन वाटतो.

आदराला हद्द आहे, ती जिवाशी. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात न्यायचं अडवून कोणी मंत्र, गंडादोरा करू लागलं, तर तिथे गप्प बसू नये. ते अडवणं महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. याच कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटलेल्या नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. देवधर्म मानणाऱ्यांशी आपलं भांडण नाही, श्रद्धेच्या नावावरच्या फसवणुकीशी आहे, हे ते सतत सांगत.

सगळ्यात अवघड जागा मरणाची. आईवडील श्रद्धाळू असतील तर त्यांचं त्यांच्या इच्छेप्रमाणे करावं. आपली मतं त्या दिवशी बाजूला. स्वतःचं लिहून ठेवावं. देहदानाचा अर्ज वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. जवळच्या नातेवाइकांच्या सह्या घ्याव्यात, कारण आयत्या वेळी त्यांनी नाही म्हटलं तर देह नेला जात नाही. शवविच्छेदन झालेला देह सहसा घेत नाहीत, हेही सांगून ठेवावं. नेत्रदान सहा तासांच्या आत. तोवर पंखा बंद, पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी. घरच्यांना तुळशीपत्र ठेवायचं असेल तर ठेवू द्यावं, पुढे दहावा-तेरावा करायचा असेल तर तोही. माझ्या कागदावर फक्त देहाचं लिहिलेलं आहे.