तुम्ही विचारलंत म्हणून : गावात राहून बडोद्याला अपडाऊन

बडोद्याच्या दांडिया बाजारात कोणीही भेटलं की दोन मिनिटांत विषय तिथेच येतो. "काय हो, अजून तिकडेच राहता? रोज अपडाऊन? जमतं कसं?" लग्नाच्या पंगतीत तेच, हळदीकुंकवाला तेच, बँकेच्या रांगेत तेच. काहींच्या आवाजात कीव असते. काहींच्या आवाजात मात्र चौकशी असते, म्हणजे त्यांनाही शहराबाहेर घर घ्यायचं असतं आणि माझ्यावरून अंदाज काढायचा असतो. कीव करणाऱ्यांना "जमतं हो" एवढं पुरतं. चौकशीवाल्यांसाठी जरा सविस्तर सांगते.

आमचं स्टेशन इटोला. बडोद्याहून सुरतेच्या बाजूला निघालं की विश्वामित्री, मकरपुरा, वरणामा आणि मग इटोला. पुढे काशीपुरा सरार, मियागाम-करजण. गाव स्टेशनपासून आत आहे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण सरपंचांपासून भाजीवालीपर्यंत सगळे ओळखतात आणि मी काही सगळंच गोडगोड लिहिणार नाहीये.

गेलो ते पाण्यामुळे. 31 जुलै 2019ला बडोद्यात एका दिवसात जवळजवळ 500 मिलिमीटर पाऊस पडला. आमचं घर तळमजल्यावर, विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही. रात्री मोरीतून पाणी उलटं यायला लागलं आणि पहाटे सासूबाईंचा पितळी डब्यांचा संच स्वयंपाकघरात तरंगत होता. डाळीतांदळाचे डबे, गाद्या, ह्यांची जुनी कागदपत्रं, सगळं गेलं. "मगर आली होती का?" हे बाहेरगावचे नातेवाईक हटकून विचारतात. आमच्याकडे नाही, मागच्या गल्लीत. बडोदेकराला त्याचं अप्रूप नसतं, थंडीत मगरी नदीच्या काठावर ऊन खात पडलेल्या असतातच.

त्यानंतर ह्यांनी ठरवलं, आता तळमजला नको. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट शहरात परवडेना, आणि सासूबाई लिफ्टमध्ये पाऊल टाकायला तयार नाहीत. इटोल्याकडे एन.ए. म्हणजे बिनशेती प्लॉटवर नवीन सोसायटी होत होती. पुढेमागे अंगण असलेलं टेनामेंट, उंचवट्यावर. ढाढर नदी फुगली तरी पाणी इथवर येत नाही, हे गावातल्या चार म्हाताऱ्यांना विचारून घेतलं. दिवाळीनंतर बानाखत, म्हणजे खरेदीचा करार, झालं, 2020च्या होळीच्या आधी सामान हललं, आणि होळी होऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच गाड्याच बंद झाल्या. साऱ्या देशातल्या.

गाडीच्या भरवशावर घर घेतलं आणि गाडीच नाही. ऑफिस उघडलं तेव्हा ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून हायवेने जायचं. त्या हायवेबद्दल एकच सांगते : जांबुव्याचा पूल. रस्ता ऐसपैस रुंद आणि पूल अरुंद, त्यामुळे येणाऱ्या सगळ्या ट्रका पुलाच्या तोंडाशी एकमेकींत घुसतात. पोर गावापाशी तेच, पुढे बामणगामला तेच. कोणी म्हणालं की "गाडीने वीस-पंचवीस मिनिटं", तर तो माणूस रविवारी सकाळी प्लॉट बघून आलाय असं समजा.

लोकल गाड्या पुन्हा सुरू झाल्या त्या 'स्पेशल' म्हणून. तीच लोकल, तीच बाकं, पण 10 रुपयांचं किमान तिकीट 30 झालं, आणि पास बरेच दिवस बंदच होता. ते भाडं पुन्हा 10वर यायला 2024चा फेब्रुवारी उजाडला. पास सुरू झाला त्या दिवशी आमच्या डब्यात पेढे वाटले गेले.

आता डब्याबद्दल, कारण तो रोजचा अर्धा संसार आहे. सकाळची मेमू भरूचकडून येते, म्हणजे इटोल्यापर्यंत बायकांचा डबा भरून वाहत असतो. पालेजच्या एक बेन आहेत. गाडी प्लॅटफॉर्मला लागताना तिसऱ्या खिडकीतून त्यांचा हात बाहेर येतो आणि हातात माझ्यासाठी धरलेल्या जागेवरची निळी पिशवी हलते. मी आत शिरेपर्यंत ती पिशवी बाकावर, मग त्यांच्या मांडीवर. करजणच्या दोघी रोज भांडून सांगतात की जागा त्यांनी धरली होती. वरणाम्याला आणखी बायका चढतात, मकरपुऱ्याला जीआयडीसीतल्या कारखान्यांत काम करणाऱ्या उतरतात आणि तेव्हा कुठे पाय सरळ करता येतात. तोवर मांडीवर भाजी. थंडीत तर डबा म्हणजे उंधियूची तयारी असते : तुरीच्या शेंगा, पापडी, ओली लसूण. सालं पिशवीत, दाणे डब्यात, आणि तोंड चालूच. एकदा पुरणपोळीवरून वाद पेटला. त्यांच्याकडे पुरण तुरीच्या डाळीचं, आपल्याकडे हरभऱ्याच्या. मी दुसऱ्या दिवशी आपली करून नेली. पालेजच्या बेन खाऊन म्हणाल्या, "सारी छे, पण आने वेढमी ना कहेवाय." म्हणजे चांगली आहे, पण हिला वेढमी, त्यांची पुरणपोळी, म्हणता येणार नाही. मग त्यांनी त्यांची आणली. निकाल अजून लागलेला नाही, आणि तो लागू नये असंच दोन्ही बाजूंना वाटतं.

संध्याकाळच्या गाडीला हा थाट नाही. सगळे दमलेले, खारी शिंगवाला तेवढा फिरतो. भरूचची खारी शिंग रोज खाल्ली तर अंगी लागते, हे मी वजनाच्या काट्यावर बघितलंय. आणि मकरपुऱ्याला 'क्रॉसिंग' लागतं. दुहेरी लाइनवर खरं तर क्रॉसिंग कसलं, आम्हाला बाजूच्या लाइनवर घेऊन मागून येणाऱ्या मोठ्या गाडीला पुढे काढतात. पण सगळे क्रॉसिंगच म्हणतात. राजधानी गेली, वंदे भारत गेली, आणि आम्ही आपले दिवे बघत बसलेले. अशा वेळी डब्यातल्या एक निवृत्तीला आलेल्या शिक्षिका मियागामच्या बैलांची आठवण काढतात. 1862मध्ये खंडेराव महाराजांनी डभोई-मियागाम छोटी लाइन टाकली तेव्हा रुळांवरून डबे बैल ओढायचे, इंजिन नियमित धावायला 1873 लागलं. "बैलांना क्रॉसिंग नव्हतं," असं त्या म्हणतात. बडोद्यात शिरताना रुळांशेजारी बुलेट ट्रेनचे खांब दिसतात. 508 किलोमीटर आणि 12 स्टेशनं. त्यात इटोला नाही, हे सांगायला नकोच.

पण वाट बघणं, उभं राहणं, घाम, याची सवय होते. लोक याच गोष्टी विचारतात आणि याच गोष्टींनी मला त्रास होत नाही. स्टेशनवरून ऑफिसला मी चालत जाते. युनिव्हर्सिटीच्या घुमटावरून, सयाजीगंजातून, काळाघोड्याच्या पुलावरून थेट रावपुऱ्यात. शहरात राहत होते तेव्हा हे बडोदं मी रिक्षातून बघायची. पावसाळ्यात पुलावर नदीची पातळी बघितल्याशिवाय पाय पुढे पडत नाही, 26 फुटांना धोका. सकाळचं बडोदं मला पूर्वीपेक्षा जास्तच मिळतं. खंडेराव मार्केटची भाजी, रावपुऱ्यातली शेवउसळ, कार्तिकी एकादशीला मांडवीच्या विठ्ठलमंदिरातून निघणारा वरघोडा म्हणजे देवाची मिरवणूक, सगळं पकडता येतं. वरघोड्याच्या दिवशी सासूबाईंनाही सकाळच्या गाडीने घेऊन येते.

गेलं ते रात्रीचं बडोदं. हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं, आणि घर घेताना आम्हीही बाथरूमच्या टाइल्स बघत होतो. शेवटची लोकल निघाली की मग ज्या गाड्या जातात त्या आमच्याकडे थांबत नाहीत. गांधी नगरगृह या नाट्यगृहात मराठी नाटक लागलं तर दुसऱ्या अंकात घड्याळ बघायचं की तिकीटच काढायचं नाही? मी आता काढत नाही. रिसेप्शनला आम्ही वधूवरांच्या आधी पोचतो आणि मुलीच्या आईशी केटररच्या खुर्च्या लागताना बोलून निघतो. गणपतीत सकाळची आरती मिळते, रात्रीची नाही. आणि बडोद्यात राहून गरबा नाही, हे तर इतर गुजरातेत कोणाला सांगायचीही सोय नाही. गावात गरबा होतो, चांगला होतो, चौकात माताजीची मांडवी, बायका टाळीचा गरबा खेळतात. पण फाइन आर्ट्सच्या मैदानावर मध्यरात्री चप्पल हातात घेऊन बसलेलो आम्ही, ते वेगळं होतं.

यातून ऑफिसात माझी एक भलतीच ख्याती झाली आहे. सहा वाजले की मी पेन ठेवते, बोलणं अर्धं राहिलं तरी उठते. नवीन मुलांना सांगतात, शिस्त शिका मॅडमकडून. शिस्त कसली, शटल रिक्षा भरून निघून जाते. इटोल्याला उतरल्यावर गावात जायला एकच शटल उभी असते, तीत दहा जण कोंबले की ती सुटते. अकरावा माणूस चालतो, किंवा हायवेकडून येणाऱ्या एखाद्या इको व्हॅनला हात करतो.

सासूबाईंचं काय, असंही विचारतात. त्यांचा जन्म बडोद्याचा, गुजराती पाण्यासारखं येतं, त्यामुळे बोलायला अडचण नव्हती. पण पहिल्या संक्रांतीला हळदीकुंकू केलं तर गावातल्या बायका दारात उभ्या : "बा, आ शेनुं व्रत छे?" म्हणजे हे कसलं व्रत? सासूबाईंनी अर्धा तास समजावून सांगितलं. आता उत्तरायणाला पोरं गच्चीवर पतंग उडवत असतात आणि खाली त्यांच्या आया रांगेने तिळगूळ घ्यायला येतात, येताना नारळ आणि चिक्की घेऊन. गेल्या वर्षी वाण कमी पडलं. मराठी बोलायला मात्र त्यांना मीच, आणि मी रात्री आठला अर्धी झोपलेली.

एकदा रात्री त्यांच्या छातीत दुखायला लागलं. 108ची गाडी लवकर आली, तिची तक्रार नाही. जांबुव्याला रात्रीसुद्धा ट्रका तशाच उभ्या. ड्रायव्हरने उलट्या बाजूने काढली, सायरन चालू, मी आत त्यांचा हात धरून. तपासण्यांत काही निघालं नाही, पित्ताचं होतं. पण त्या रात्री मला इटोला आणि बडोद्यातलं खरं अंतर कळलं. ते पासावर लिहिलेलं नसतं.

2024च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पूर आला. काळाघोड्यापाशी पाणी 35 फुटांच्या वर गेलं, अनेक गाड्या रद्द झाल्या. आम्ही कोरडे होतो. जुन्या सोसायटीतल्या वहिनींचा फोन आला, "तुम्ही सुटलात बाई, तुमच्या घरात यंदा खिडकीपर्यंत आहे." आमचं ते घर आता दुसऱ्या कोणाचं तरी आहे, त्यांना दोन लहान मुलं आहेत. सुटलो हे खरंच आहे. त्यामुळे कोणी सरळ विचारलं की पस्तावलात का, तर नाही. पुन्हा घेणार का, तर हो, पण जास्त गाड्या थांबतात अशा स्टेशनजवळ. मियागाम-करजण लांब पडतं, पण जंक्शन आहे. तिथे रात्रीही काही ना काही थांबतं, असं तिथल्या बायका टेचात सांगतात, आणि बरोबरच सांगतात.

पैशाचं थोडक्यात : पास तिकिटांच्या मानाने फारच स्वस्त आहे, पण शटल, कधीमधी चुकलेल्या गाडीमुळे केलेली रिक्षा, आणि रात्र पडली म्हणून कारेलीबागेत नणंदेकडे राहताना तिच्या मुलांसाठी नेलेला खाऊ धरला तर फार काही उरत नाही. घर स्वस्तात मिळालं एवढाच फायदा, आणि तो एकदाच होतो.

आता नणंदेलाच आमच्या शेजारचा प्लॉट हवाय. दलाल तिला रविवारी सकाळी एसी गाडीतून आणणार आहे, नाश्ता त्याच्याकडून. मी तिला सांगितलंय, तो नाश्ता कर हवा तर, पण त्याआधी एका मंगळवारी ऑफिस सुटल्यावर माझ्याबरोबर लोकलने ये, क्रॉसिंगसकट. रात्री आमच्याकडे जेव आणि मग साडेदहाला बडोद्याला परत जायला निघ. कशी जातेस ते बघू. बानाखताचं त्यानंतर.