ताई, ही सर्दी आहे की ॲलर्जी?

चिपळुणात माझं औषधांचं दुकान आहे. वीसेक वर्षं काउंटरच्या अलीकडे उभी आहे आणि दिवसातून एकदा तरी पलीकडून विचारणा होतेच, "ताई, ही साधी सर्दी आहे की ॲलर्जी? जरा बघून सांगा ना." तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नुसतं बघून सांगता येत नाही. लाल नाक दोन्हीकडे सारखंच. म्हणून मी उलट विचारते, "खाज आहे का?"

माणूस गोंधळतो. सर्दीला कसली खाज? पण नाकाच्या आत, टाळूला, कानात खोलवर, डोळ्यांच्या कोपऱ्यात खाज असेल तर माझं मत ॲलर्जीकडे झुकतं. लहान मुलांना हे शब्दांत सांगता येत नाही, ती करून दाखवतात. जीभ टाळूला घासून घशातून खर्र खर्र आवाज काढतात. तळहाताने नाक खालून वर ढकलतात. महिनोन् महिने ढकलून ढकलून काही पोरांच्या नाकावर शेंड्याच्या जरा वर एक आडवी रेघ उमटलेली असते. आई म्हणते, घाणेरडी सवय लागलीय. सवय नव्हे हो, खाज आहे ती.

दुसरा प्रश्न तापाचा. सर्दीत घसा दुखतो, अंग मोडून येतं, कधी कणकण असते आणि सात-दहा दिवसांत ती गाशा गुंडाळते. ॲलर्जीत ताप नसतो, नाकातून पाण्यासारखं गळत राहतं आणि कारण समोर आहे तोवर आठवडेच्या आठवडे चालतं. तिसरा प्रश्न, किती वाजता? हा मी स्वतःवरून शिकले. सकाळी अंथरुणातून उठले की मला ओळीने दहा-बारा शिंका. आई म्हणायची, "झाली गिरणी सुरू." साडेनऊला दुकान उघडेपर्यंत मी ठणठणीत. सर्दी अशी घड्याळ लावून येत नाही. माझं दुखणं गादीत होतं. धूळकिडे म्हणून अगदी बारीक जीव असतात, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. ते चावत नाहीत. आपल्या अंगावरून गळणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतात आणि त्यांची विष्ठा आपल्या नाकाला सोसत नाही. दमट हवा म्हणजे त्यांचं माहेर. आमच्याकडे मृगापासून गणपतीपर्यंत गाद्यांना ऊन दाखवायची सोय नाही, तेव्हा माझी गिरणी त्याच दिवसांत जोरात. शेवटी गादी-उशांना घट्ट विणीच्या खोळी घातल्या, चादरी कढत पाण्यात धुवायला लागले. दहाच्या तीन-चार शिंका झाल्या. तेवढ्यावर मी समाधानी आहे.

आता पित्त. या शब्दाने आपल्या भाषेत फार घोटाळा केलाय. "ताई, पित्ताची गोळी द्या," म्हणणाऱ्याला छातीत जळजळ होतेय की अंगावर गांधी उठल्यात, हे विचारल्याशिवाय मी कपाटाला हात लावत नाही. दोन्ही पित्तच, पण दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. अंगावर उठणारं पित्त म्हणजे लालसर, फुगीर, विलक्षण खाजणारे चकंदळे. घरोघरी त्यावर आमसुलाचं पाणी चोळतात. गार वाटतं, चोळा बापडे. त्याची खूण मात्र सोपी आहे. एका गांधीभोवती बॉलपेनने कडा आखून ठेवा. पित्त असेल तर दुसऱ्या दिवशी याच वेळेपर्यंत ती गांध नाहीशी झालेली असते, डागही नाही, फक्त पेनची रिकामी गोल रेघ. नवीन कुठेतरी दुसरीकडे उठलेली असते. चोवीस तासांनंतरही तीच गांध तिथेच ठाण मांडून असेल, दुखत असेल, जाताना काळपट डाग ठेवत असेल, तर माझ्या दुकानात नको, कातडीच्या डॉक्टरांकडे जा. आणि सहा आठवडे उलटूनही रोज उठत असेल तर बिचाऱ्या वांग्याला आणि शेंगदाण्याला दोष देऊ नका. इतकं रेंगाळणारं पित्त बहुधा खाण्यातून येतच नाही.

एप्रिल-मे महिन्यात वेगळं गिऱ्हाईक. ओठांच्या कडेला, हनुवटीवर पुरळ, पाण्याचे बारीक फोड. "आंबा उष्ण पडला." आंबा नाही, बहुतेक वेळा त्याचा चीक. देठापाशी उडतो, सालीला असतो आणि आपण दातांनी साल सोलतो. काजू आणि बिब्बाही आंब्याच्याच कुळातले, म्हणून काजूच्या बिया फोडणाऱ्या बायकांची बोटंही अशीच सोलवटलेली दिसतात. यात फसगत वेळेची होते. ही ॲलर्जी खाताक्षणी दिसत नाही, एक-दोन दिवसांनी उगवते. तोवर माणूस आंबा विसरून गेलेला असतो आणि परवाच्या नव्या साबणावर संशय घेतो. टिकलीचा गोंद, खोटी कानातली, केसांचा काळा रंग, सगळ्यांची हीच तऱ्हा. "पण चाळीस वर्षं आंबा खातोय, आत्ताच कशी?" असंही विचारतात. ॲलर्जी पहिल्या भेटीत होत नाही, शरीराची त्या वस्तूशी आधी ओळख व्हावी लागते. ती ओळख चाळीस वर्षांनीसुद्धा बिघडते.

खाण्याच्या बाबतीत मी एवढंच विचारते की पंक्तीला आणखी कोणाला झालं का? बांगडा खाऊन तासाभरात घरातले चौघेही तोंडाने लालबुंद झाले, डोकं ठणकलं, तर ती ॲलर्जी नव्हे. बांगडा बर्फाविना राहिला की जंतू त्यात हिस्टामिन नावाचं, ॲलर्जीसारखीच लक्षणं आणणारं रसायन तयार करतात आणि ते तळूनही जात नाही. एकट्याच्याच ओठांना सूज आली आणि कोलंबी खाल्ली की दर वेळी येते, तर ती ॲलर्जी. अळवाने घसा खवखवतो तीही ॲलर्जी नव्हे. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, त्या सगळ्यांनाच टोचतात. उगाच नाही आपण फदफद्यात चिंच घालत.

आता मी स्वतः चुकले ती गोष्ट. सहा वर्षांपूर्वी भावाच्या मुलाला माळ्यावरून कौलं काढताना गांधीलमाशी चावली. हात सुजला, म्हणून सरळ दुकानात आला. मी नेहमीसारखी ॲलर्जीची सेट्रिझिन गोळी आणि पाण्याचा ग्लास दिला, वर "भित्रा कुठला" असंही म्हटलं. पाचएक मिनिटांत पोटावर, मांड्यांवर गांधी. एवढ्यानंही मी घाबरले नाही. मग तो स्टुलावरून उठून गटारापाशी ओकला आणि म्हणाला, "आत्या, आवाज बसल्यासारखं होतंय, डोळ्यांपुढे अंधार येतोय." तेव्हा पोटात गोळा आला. डंख हातावर आणि लक्षणं कातडी, पोट, घसा, रक्तदाब अशी सगळीकडे. पुस्तकात वाचलेली जीवघेणी ॲलर्जी, ॲनाफिलॅक्सिस, समोर उभी होती आणि मी त्यावर गोळी दिली होती. ती गोळी खाज थांबवते, श्वास वाचवत नाही.

त्याला उभा केला नाही, हे एक बरं केलं. आडवा निजवला, पाय गोण्यांवर ठेवले आणि शेजारच्या डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी पँटवरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रेनलिन टोचलं, अशा वेळी जीव वाचवणारं औषध तेच. पाच-सात मिनिटांत त्याच्या चेहऱ्यावर रंग परतला. तो म्हणाला, बरं वाटतंय, घरी जातो. डॉक्टरांनी १०८ ला फोन करून रुग्णालयातच पाठवलं, कारण हे दुखणं काही तासांनी पुन्हा उसळी घेऊ शकतं. रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी घरी सोडताना त्याचा पहिला प्रश्न, कौलं काढून झाली का?