दुबईचा कॉल

वेंगुर्ल्यात आज दिवसभर पाऊस. रेंज फक्त पडवीच्या टोकाला. दुबईत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज चालतात, कॉल लागत नाहीत. म्हणून काका बोटिम या कॉलिंग अ‍ॅपवर येतो. आधी स्काइप होतं, ते मे २०२५ मध्ये कायमचं बंद झालं. आजीला या नावांशी देणंघेणं नाही. फोन इतका जवळ धरते की काकाला तिचं कपाळ तेवढं दिसतं. "रे झिला, सुकलंस मरे!" एवढ्यात काका तोंड उघडं ठेवून अडकला. व्हिडिओला डेटा जास्त लागतो, म्हणून मी कॅमेरा बंद करायला सांगितलं. आवाज सुधारला, आजी बिघडली. "तोंडच दिसाचा नाय तर फोन कित्याक?" (मुद्दा बिनतोड आहे.) शेवटी काकाचा मेसेज: सुकट घेऊन येणारा कोण मिळाला काय?