मशीन तेच, प्रोसेसर नवा: माझा अनुभव

ऑगस्ट २०२५ पर्यंत माझ्या पीसीत एएमडीचा रायझन ३ २२००जी हा प्रोसेसर होता. चार कोअर (हिशोब करणारे भाग), थ्रेडही (एका वेळी चालणारी कामं) चारच. कॉलेजला असताना बाबांनी घेऊन दिलेलं मशीन. नोकरी लागल्यावर मी त्यात जीटीएक्स १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड बसवलं, मग १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर आणला. तरी रात्री मित्रांबरोबर काउंटर-स्ट्राइक २ हा गोळीबाराचा गेम खेळताना धूर पसरला, चार-पाच जण समोरासमोर आले, की नेमकं तेव्हाच चित्र अडकायचं. एकटी मॅपवर फिरत असले की सगळं लोण्यासारखं. म्हणजे जिथे खेळ ठरतो तिथेच मशीन मान टाकत होतं.

एका शनिवारी वारज्याहून पुण्यातल्या टिळक रोडला गेले. पहिल्याच दुकानात सांगितलं, "ताई, एवढ्या जुन्या मशीनवर खर्च करू नका. आय-सेव्हन घ्या, बोर्ड-रॅम नवीन टाका, पाच वर्षं बघायला नको." कोटेशन ७० हजारांच्या वर गेलं. मी काय खेळते, माझा स्क्रीन कुठला, हे त्यांनी विचारलंच नाही. ते खटकलं, म्हणून काही न घेता घरी आले आणि आधी अडचण कुठे आहे ते मोजायचं ठरवलं.

मोजणं अगदी सोपं आहे, आणि प्रोसेसर घ्यायच्या आधी प्रत्येकानं ते करावं असं मला मनापासून वाटतं. खेळताना कोपऱ्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड किती टक्के काम करतायत ते दिसेल अशी सोय केली. प्रोसेसर १००, कार्ड ५५ ते ६०. मग रिझोल्युशन १०८० वरून ७२० वर आणलं. कार्डाचं काम निम्म्याहून कमी झालं, तरी सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम (चित्रं) तेवढ्याच! कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट बघत होतं. प्रत्येक फ्रेम काढण्याआधी कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, सर्व्हरवरून काय आलं हा हिशोब प्रोसेसर करतो आणि मगच कार्डाला चित्र काढायला सांगतो. ६० हर्ट्झच्या स्क्रीनला या सगळ्यासाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ ला जेमतेम ६.९. चार थ्रेडना ते झेपत नव्हतं. मी ४के स्क्रीनवर भारी ग्राफिक्सचा गेम खेळत असते, तर याच चाचणीत बहुधा कार्ड दोषी निघालं असतं आणि प्रोसेसर बदलून काही हाती लागलं नसतं.

आता कुठला घ्यायचा? इंटेलचा कोअर आय५-१२४००एफ चांगला, पण त्याला दुसरा मदरबोर्ड लागतो. रायझन ५ ७६०० ला नवा बोर्ड आणि वर डीडीआर५ रॅमही. माझा बोर्ड बी४५०, म्हणजे एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा). बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं की त्यावर रायझनची ५००० मालिका चालते. तिथेच माझं मन बसलं.

त्या मालिकेतला रायझन ५ ५६०० डोळ्यासमोर होता, पण दोन दिवस रायझन ७ ५७००एक्सथ्रीडीनं झोप घालवली. त्यात एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ९६ एमबी, ५६०० मध्ये ३२, आणि माझ्या २२००जीमध्ये फक्त ४. गेमला लागणारा डेटा कॅशेत सापडला नाही तर प्रोसेसरला रॅमपर्यंत जावं लागतं, आणि तो फेरा कितीतरी पट लांबचा. म्हणून गेमिंगमध्ये कॅशेला एवढा मान. पण ५७००एक्सथ्रीडी १०५ वॉटचा, सोबत कूलर (त्याला थंड ठेवणारा पंखा) येत नाही, आणि माझ्या बोर्डावर वीज पुरवणाऱ्या भागाला हीटसिंकसुद्धा (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नाही. ५६०० जुन्याइतकाच ६५ वॉटचा, कूलर खोक्यातच. स्क्रीन १४४ चाच राहणार होता. ५६०० ठरला.

दुसऱ्या दुकानात मात्र हातात खोकं आलं ५६००जीचं. "एकच आहे हो, वर ग्राफिक्स फुकट." एकच नाही! जीमध्ये एल३ कॅशे १६ एमबीच, निम्मी. ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांच्यासाठी तो उत्तम आहे, पण कार्ड असलेल्यानं तो का घ्यावा? मी खोकं परत केलं आणि साधा ५६०० मागितला. तो सोमवारी मिळाला. आठ जीबीच्या एका रॅमऐवजी आठ-आठ जीबीच्या, ३२०० वेगाच्या दोन पट्ट्या घेतल्या. सगळं मिळून १५ हजारांच्या आत.

बायोस जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अपडेट करावं लागतं, कारण जुन्या बायोसला नवा ओळखूच येत नाही. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो. आमच्याकडे दुरुस्तीसाठी बरेचदा गुरुवारी वीज बंद असते, म्हणून बुधवारी रात्री, पीसी इन्व्हर्टरवर घेऊन, ते काम उरकलं.

खरी भीती होती कूलर काढताना. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, १३३१. प्रोसेसर आणि कूलरमधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली की इतकी चिकटते की कूलर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून वर येतो. म्हणून आधी पंधरा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम केली, मशीन बंद करून प्लग काढला, चारही स्क्रू सोडवले आणि कूलर वर न ओढता आधी अलगद डावी-उजवीकडे फिरवला. मावसभाऊ टॉर्च धरून होता. सुटल्याचा बारीक आवाज आला तेव्हा दोघांनीही श्वास सोडला.

पहिल्यांदा सुरू केल्यावर एफटीपीएमबद्दल (प्रोसेसरमधली, सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) सूचना आली, वाय दाबून पुढे गेले. मात्र ज्यांनी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू ठेवलंय त्यांनी रिकव्हरी की आधी लिहून ठेवावी. रॅम २४०० वर चालताना दिसली. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी सेटिंग) चालू केल्यावर ३२०० झाली. ही पायरी पुष्कळ जण विसरतात आणि पैसे मोजलेला वेग वापरतच नाहीत.

त्या रात्री सरासरी १७० च्या आसपास फ्रेम आल्या. त्याहून मोलाचं म्हणजे, धुरात सगळे भिडले तेव्हा पूर्वी ४० पर्यंत कोसळणारा आकडा १०० च्या खाली गेला नाही. शिवाय २२००जी विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत नव्हता आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. तीही काळजी मिटली.

जुना २२००जी पिना सांभाळून खोक्यात ठेवलाय. त्याच्यात ग्राफिक्स आतच आहे, त्यामुळे मावसभावाच्या अभ्यासाच्या पीसीला कार्ड लागणार नाही. त्याच्यासाठी एखादा वापरलेला एएम४ बोर्ड सध्या शोधतेय.