अपग्रेड राहिला बाजूला, आधी ४८ आकडे शोधा

आमच्या ऑफिसात आयटीवाला असा वेगळा कोणी नाही. कधीतरी एकदा अडकलेला प्रिंटर मी चालू करून दिला आणि तेव्हापासून कॉम्प्युटरचं काहीही निघालं की मलाच हाक. त्यामुळे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार म्हटल्यावर सगळी मशीनं ११ वर न्यायचं कामही न विचारताच माझ्या गळ्यात पडलं. त्याआधीचा एक शनिवार धरला. ऑफिस रिकामं, फक्त अकाउंट्सचे काका हजर, कारण त्यांचा लॅपटॉप त्यांच्या डोळ्यांदेखतच अपग्रेड व्हायला हवा होता.

११ ला टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची चिप) लागतं आणि सिक्युअर बूटची (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी) सोय लागते, एवढं वाचून आले होते. म्हणून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये शिरले, नुसतं बघायला. दोन्ही ठीक होतं. पण अॅरो कीने वर-खाली करताना मध्येच एंटर लागलं असणार आणि सिक्युअर बूट बंद पडलं असणार, मला काही ते दिसलं नाही, मी एफ-१० दाबून सेव्ह करून मोकळी.

पुढचा स्क्रीन निळा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) रिकव्हरी, ४८ आकडी की, म्हणजे किल्ली टाका.

काका म्हणाले, "कसली की? मी तर कधी कुलूप लावलंच नाही." खरंच होतं त्यांचं. बऱ्याच लॅपटॉपवर पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद होते आणि की त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. आणि हा लॅपटॉप सेटअप कोणी केला होता, तर दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या आमच्या सहकाऱ्याने, स्वतःच्या पर्सनल अकाउंटने! त्याला फोन लावला, तो प्रवासात, म्हणाला संध्याकाळी बघून कळवतो. इकडे काका दर पाच मिनिटांनी, "अगं, डेटा आहे ना गं आत?" मी "आहे हो काका" म्हणत होते पण माझ्याच पोटात गोळा आला होता, कारण बॅकअप अपग्रेडच्या आधी घेऊ असं ठरवलं होतं आणि 'आधी' म्हणजे बायोसच्या नंतर असं मीच मनाशी धरलं होतं.

अर्धा तास असा गेल्यावर डोक्यात आलं की अरे, कालपर्यंत हे मशीन काही मागत नव्हतं, आज मी काय बदललं? टीपीएम चिप बूटची स्थिती ताडून बघते आणि काही वेगळं दिसलं की किल्ली देत नाही, बस. परत बायोसमध्ये गेले, बघते तर सिक्युअर बूट डिसेबल्ड. चालू केलं, सेव्ह केलं, आणि लॅपटॉप काही न मागता सरळ डेस्कटॉपवर! काकांनी मला चहा न विचारता स्वतः आणून दिला, हे त्यांच्या हिशेबात फार मोठं.

आता पहिलं काम बॅकअप आणि दुसरं ती की काढून ठेवणं. अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'manage-bde -protectors -get C:' ही कमांड दिली की स्क्रीनवर येते. तुम्हीपण बायोसला हात लावायच्या आधी हेच करा, आणि मुद्दाम काही बदलणार असाल तर बिटलॉकर आधी सस्पेंड करा. काकांनी की रजिस्टरमध्ये हाताने लिहून घेतली.

खुद्द अपग्रेड मात्र अगदीच निमूटपणे झाला, दोन-तीनदा रीस्टार्ट आणि संपलं. स्टार्ट बटण मधोमध गेल्यामुळे काका डावीकडे रिकाम्या जागेवर क्लिक करत बसले, ते सेटिंग्जमधून टास्कबार अलाइनमेंट लेफ्ट करून परत जागेवर आणलं. राइट क्लिकचा नवा मेन्यू मलापण नाही आवडला, शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुना येतो. विंडोजचं बटण आणि झेड एकत्र दाबून खिडक्या शेजारी-शेजारी लावता येतात हे मात्र काकांना बेहद्द पटलं, एकीकडे बँक स्टेटमेंट, दुसरीकडे एक्सेल. नाहीच जमलं तर दहा दिवसांत मागे जाता येतं असं सांगून ठेवलं, तेवढे दिवस जुनं विंडोज ठेवलेलं विंडोज.ओल्ड (Windows.old) फोल्डर उडवायचं नाही.

जाता जाता मी काकांना सहज म्हटलं की त्या कीचे सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला अकराने पूर्ण भाग जातो, म्हणजे एखादा आकडा चुकला तर पकडता येतो. झालं, कॅल्क्युलेटर बाहेर! सात गट बरोबर निघाले, पाचव्यात बाकी उरली. स्क्रीनशी ताडून बघितलं तर १ चा त्यांनी ७ लिहिला होता. खोडून, वर नीट लिहून, शेजारी छोटी सही केली आणि रजिस्टर कपाटात ठेवून कुलूप लावलं.