लोफर परत आला, फर्मा मात्र नवा लागला : आमची वाटचाल

मुंबईच्या ठक्कर बाप्पा कॉलनीतल्या आमच्या बूट बनवणाऱ्या युनिटची सुरुवात 1980 च्या दशकात पेनी लोफरवर झाली. लेस नाही, पंजावर हाताने ओवलेला उठावदार टाका, वरून आडवी पट्टी आणि पट्टीत छोटी फट. नॉर्वेतल्या ऑर्लंडच्या घडणीवरून अमेरिकेच्या जी. एच. बास कंपनीनं 1936 मध्ये हा बूट बाजारात आणला. गुच्चीनं 1953 मध्ये त्यावर लगामाची कडी बसवली. मुंबईत तो कॉलेजात, ऑफिसात आणि लग्नकार्यातही चालायचा. 1990 च्या दशकाच्या मध्यावर परदेशी स्पोर्ट्स शूज आले आणि लोफरची मागणी आटली. मधली वर्षं शाळेचे बूट आणि लेसवाले ऑफिस शूज यांवर निघाली. लोफरचे फर्मे, म्हणजे ज्यावर बूट घडवतात ते पावलाच्या आकाराचे साचे, मात्र आम्ही जपून ठेवले.

आता लोफर परतलाय, पण वेगळ्या पायात. ढगळ पँट, पांढरे मोजे आणि खाली जाडजूड सोल. घेणाऱ्यांत मुली भरपूर. दुकानदार जुना नमुना पुढे करून म्हणतात, ‘हाच द्या, फक्त सोल जाड लावा.’ तसं करता येत नाही, आणि का येत नाही हे आम्ही प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला समजावून सांगतो.

फर्मा एका ठरावीक चढासाठी बनलेला असतो. आमच्या जुन्या फर्म्याला चवड्याखाली 5 मिमी आणि टाचेखाली 25 मिमी सोल लागायचा, म्हणजे फरक 20. नवा सोल पुढे 25 आणि मागे 45 असेल तर फरक तोच राहतो, फर्मा नीट बसतो. पण पुढे 20 आणि मागे 50 असा सोल आणला की फरक 30 होतो, बूट टेबलावर डुलतो आणि चालताना पाऊल पुढे घसरतं. म्हणून सोलची ऑर्डर देण्याआधी नुसती उंची पाहायची नाही, हा फरक मोजायचा.

दुसरी अडचण टाचेची. पातळ सोल चवड्यापाशी वाकतो, त्यामुळे टाच बुटातच राहते. जाड सोल वाकत नाही; पाऊल उचललं की टाच बाहेर येते. लेस नसल्यानं आवळायला काहीच नाही. यावर आम्ही तीन बदल केले. फर्म्याच्या टोकाची जमिनीपासूनची उचल 8 मिमीवरून 15 वर नेली, म्हणजे बूट न वाकताही पाऊल पुढे लोळतं. टाचेची वाटी वरच्या काठाशी आवळती घेतली. आणि टाचेच्या अस्तराला चामड्याची खरखरीत बाजू मोज्याकडे ठेवली. शिवाय आपल्याकडची पावलं चवड्याशी रुंद असतात, त्यामुळे युरोपी फर्मा जसाच्या तसा घेतला की करंगळी दबते. इंग्रजी मापात एका नंबरामागे चवड्याचा घेर पाव इंच, म्हणजे साधारण 6 मिमी वाढतो; फर्म्यावर चामड्याचा पातळ तुकडा चिकटवून तेवढाच घेर वाढवायचा, लांबी वाढवायची नाही. घेरासाठी एक नंबर मोठा दिला की टाच निसटणारच.

वरचा टाका अजूनही हातानेच पडतो, आणि कारागिराचं खरं कसब तिथेच दिसतं. वरच्या तुकड्याची भोकं 4 मिमी अंतरावर, बाजूच्या पट्ट्याची टोकापाशी साडेपाच मिमीवर, पण दोन्हींची संख्या एकच. जास्तीचं चामडं टाक्यागणिक आत ओढलं जातं आणि बारीक, एकसारख्या चुण्या पडतात. मेण लावलेला दोरा, दोन सुया, चामडं किंचित ओलं. दोऱ्याचा ताण कमीजास्त झाला की चुण्या एका बाजूला पळतात आणि डावा-उजवा जुळत नाही. पट्टी 2 मिमी जरी सरकली तरी जोडी शेजारी ठेवल्यावर डोळ्यांत भरते. ओवलेला अपर, म्हणजे बुटाचा सोलवरचा चामडी भाग, फर्म्यावर किमान एक रात्र राहू द्यायचा. घाईत फर्मा काढला की चामडं परत आखडतं आणि सहा नंबर पाच-साडेपाचसारखा बसतो.

मुंबईचा पाऊस ही आमची सर्वांत मोठी परीक्षा. दमट हवेत सोल्यूशनमधला, म्हणजे सोल चिकटवायच्या गोंदातला, द्राव उडताना थर गार होतो, त्यावर डोळ्यांना न दिसणारं दव धरतं आणि सोल धड चिकटत नाही. जून ते सप्टेंबर आम्ही सोल्यूशन उघड्यावर वाळवत नाही; गरम हवेच्या पेटीत वाळवून, 60 ते 70 अंशांवर पुन्हा तापवून लगेच प्रेसखाली घेतो. त्याआधी चामड्याची वरची चकाकी तारेच्या ब्रशनं पूर्ण खरवडावी लागते आणि रबरी सोलला प्रायमर, म्हणजे गोंद धरून ठेवणारा आधीचा हात, लागतो. तरीही सोल सुटलाच, तर तो फेकून न देता नीट बघावा. सोल्यूशन सगळं चामड्यावर राहून सोल कोरा निघाला, तर प्रायमर कमी पडला. चामड्याच्या पॉलिशचा पापुद्रा सोलसोबत आला, तर खरवडणं अपुरं झालं. इतकं बघितलं की कारण कळतं, आणि उगाच सोल्यूशनच्या डब्याला दोष दिला जात नाही.

पॉलियुरेथेनचे सोल आम्ही बंद केले. हलके असतात, पण दमटपणात खोक्यात नुसते पडून असले तरी काही वर्षांत भुगा होतात. रबर किंवा टीपीआर (साच्यात ओतता येणारं थर्मोप्लास्टिक रबर) जड पडतं, पण टिकतं. चामडी सोलवर आरपार शिवलेली जोडी हवी असेल तर आम्ही स्पष्ट सांगतो की टाक्यांतून पाणी आत येणार. पावसाळ्यात घालू नका, नाहीतर खालून रबराचा अर्धा सोल बसवून घ्या.

एका जोडीला वाया जाणारं धरून साधारण सव्वादोन चौरस फूट चामडं लागतं. म्हशीचं चामडं स्वस्त आणि दणकट, पण त्याचा दाणा जाड आणि चुण्या ओबडधोबड. वासराच्या चामड्यावर तोच टाका दागिन्यासारखा उठतो. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या जोडीवर जीएसटी 5 टक्के आणि त्यापुढे 18 टक्के आहे, त्यामुळे म्हशीच्या चामड्याचा लोफर आम्ही या रेषेच्या आत बसवतो. वासराचा तिथे बसत नाही, आणि अस्तर किंवा इनसोल हलकं करून तो बसवायचा नाही असं आमचं ठरलेलं आहे.

मापासाठी येणार असाल तर संध्याकाळी या, पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात, आणि ज्या मोज्यांवर बूट घालणार तेच मोजे घालून या. नवा लोफर पंजावर घट्ट लागला पाहिजे; चामडं रुंदीत सैल होतं, लांबीत नाही. बोटं पुढे टेकत असतील तर ती जोडी घेऊ नका, आम्ही दुसऱ्या घेराचा फर्मा काढून देतो.