आमची वाटचाल : कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवून

आम्ही दोघा भावांनी वर्कशॉप टाकलं तेव्हा कार ऑडिओ म्हणजे डॅशबोर्डमधला सेट बदलणं. कंपनीचा सेट काढायचा, त्याच खाचेत मागे आरसीए आउटपुट (ॲम्प्लिफायरला सिग्नल द्यायची जोडणी) असलेला बाहेरचा सेट बसवायचा, तिथून ॲम्पला, म्हणजे ॲम्प्लिफायरला, सिग्नल न्यायचा आणि डिकीत वूफर (खर्जाचा, म्हणजे बेसचा, मोठा स्पीकर) ठेवायचा. मग मोठ्या स्क्रीनच्या गाड्या यायला लागल्या. एसी, रिव्हर्स कॅमेरा, गाडीच्या निम्म्या सेटिंग्ज, सगळं त्या स्क्रीनमध्येच. ती काढायची सोयच राहिली नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "स्टिरिओला हात लावू नका, पण बेस पाहिजे." अशी किचकट कामं घ्यायला फारसं कोणी तयार नसे. आम्ही ठरवलं, आपण हेच करायचं. आज आमच्याकडे येणारं बहुतेक काम याच प्रकारचं असतं.

कंपनीच्या सेटला सहसा आरसीए आउटपुट नसतं, त्यामुळे स्पीकरच्या तारांवरूनच सिग्नल उचलावा लागतो. त्यासाठी हाय-लेव्हल इनपुट असलेला, म्हणजे स्पीकरचा जोरदार सिग्नल थेट घेणारा ॲम्प घ्यायचा, नाहीतर मधे तो सिग्नल उतरवून देणारा लाइन आउटपुट कन्व्हर्टर टाकायचा. इथवर सोपं आहे. खरी गोम पुढे आहे. दारातले स्पीकर लहान असतात, म्हणून व्हॉल्यूम चढला की बऱ्याच गाड्यांचा सेट स्वतःहूनच बेस कापत जातो. हळू आवाजात वूफर छान घुमतो, आवाज वाढवला की त्याचा जीवच जातो. माणसाला वाटतं वूफर फसवा निघाला. पण वूफरपर्यंत बेस पोचतच नाही, तर तो वाजवणार काय? म्हणून आम्ही आधी गाडीत टेस्ट टोन (एकाच पट्टीचा ठरावीक आवाज) लावतो आणि वेगवेगळ्या व्हॉल्यूमला स्पीकरच्या तारांवरचा सिग्नल मोजतो. 40 हर्ट्झ, म्हणजे खोल बेस, कुठे खचायला लागतो ते दिसलं की साधा कन्व्हर्टर पुरेल की बेस भरून काढणारा प्रोसेसर लागेल, ते ठरतं. या मोजणीला वेळ जातो, गिऱ्हाईक कधीकधी कंटाळतं, पण तिच्याशिवाय आम्ही काम सुरू करत नाही.

एका गाडीने आम्हाला फार शिकवलं. वूफर बसवला, इंजिन सुरू केलं, आणि गाणं बंद असतानाही डिकीतून घूं असा जाड आवाज. अल्टरनेटरची शिट्टी बारीक असते आणि ॲक्सिलरेटरबरोबर चढते-उतरते, त्यामुळे ती नाही हे लगेच कळलं. शोधता शोधता भावाला छताच्या अस्तरात बारीक माइक सापडले. इंजिनचा घुमारा मारायला कंपनीने त्याच्या उलट्या फेजचा (लहरी उलट असलेला) आवाज स्पीकरमधून सोडायची सोय केली होती. आमचा वूफर तोच आवाज कितीतरी मोठा करून वाजवत होता, माइक तो ऐकून यंत्रणेला पुन्हा कामाला लावत होते. ती यंत्रणा बंद केली आणि घूं थांबलं. आता गाडी दारात आली की भाऊ आधी छत तपासतो.

तारांच्या बाबतीत आम्ही हट्टी आहोत. 500 वॉट आरएमएसचा (म्हणजे सलग तेवढी ताकद देणारा) क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा ॲम्प पूर्ण जोरात 14 व्होल्टला साधारण 45 अँपिअर ओढतो. म्हणून पॉवरची तार थेट बॅटरीपासून, नुसत्या तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आम्ही वापरत नाही. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या 60 टक्क्यांच्या आसपासच. फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत, कारण तो तारेच्या रक्षणासाठी असतो. तार पत्र्यावर घासून शॉर्ट झाली तर आग लागू नये, एवढंच त्याचं काम. अर्थिंगची तार रंग खरवडून, उघड्या पत्र्यावर. ज्याला यात काटछाट हवी असेल त्याचं काम आम्ही नम्रपणे सोडतो. खोक्यावरच्या पीक वॉटला (क्षणभराच्या कमाल ताकदीला) आमच्या लेखी किंमत नाही, आरएमएस काय ते बोला.

शेवटी ट्यूनिंग. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, तो सेटच्या सिग्नलशी ॲम्प जुळवतो. ॲम्पची ताकद आणि वूफरचे ओहम यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढलं की ॲम्पच्या आउटपुटला हवे ते व्होल्ट मिळतात. 300 वॉट आणि 4 ओहमला साधारण 34.6. वूफरची तार सोडवून, टेस्ट टोनवर मीटर तिथे पोचेपर्यंतच गेन फिरवायचा. लो-पास (खालचेच आवाज वूफरला जाऊ देणारी गाळणी) 80 हर्ट्झच्या आसपास. मग गिऱ्हाइकाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून फेजचं बटण 0 वर आणि 180 वर ऐकवायचं. ज्यात बेस भरीव वाटेल ते ठेवायचं. हा निर्णय आम्ही त्याच्याच कानावर सोपवतो, आणि बटण दाबताच बहुतेकांचा चेहरा उजळतो.

आता अशाही गाड्या येतात ज्यांत सेटपासून कंपनीच्या ॲम्पपर्यंत सिग्नल डिजिटल जातो. तिथे ॲम्पच्या पुढे, स्पीकरच्या तारांवर जाऊन सिग्नल उचलावा लागतो, किंवा त्या गाडीसाठी बनवलेला इंटरफेस लागतो. सध्या भाऊ त्याच्याच मागे आहे, आणि अशा गाड्यांची कामं आम्ही घ्यायला लागलो आहोत.